सर्जक प्रतिसाद आणि मूळ कृतीची भाषा

वाचलेल्या साहित्यकृतीस लेखनानेच उत्तर द्यावे, ही पद्धत अलीकडे अनेक महाविद्यालयीन वाचनमंडळांतून रुळू लागली आहे. कादंबरी वाचून झाल्यावर तिच्यातील एखाद्या पात्राच्या नावे पत्र लिहावयाचे, रोजनिशी लिहावयाची, गौण पात्रास निवेदक करावयाचे, शेवट पालटून पाहावयाचा, आणि हे सारे मंडळातील सोबत्यांस वाचावयास द्यावयाचे, असा या उपक्रमाचा सर्वसाधारण क्रम असतो. परीक्षेसाठी घोकलेल्या समीक्षेपेक्षा हा प्रकार निःसंशय जिवंत आहे. 'पात्रांचे स्वभावचित्रण' या मथळ्याखाली वर्षानुवर्षे तीच चार विशेषणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा, त्याच पात्राच्या तोंडी दोन वाक्ये घालण्याचे धाडस करणारा विद्यार्थी साहित्याच्या अधिक जवळ असतो. म्हणून या प्रतिसादांचा निषेध करण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न निराळा आहे. असे लेखन मूळ कृतीचे वाचन ठरते केव्हा, आणि मूळ कृती दूर सारून केलेले स्वतंत्र आत्मनिवेदन ठरते केव्हा? या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या प्रामाणिकपणात शोधण्याची सवय आपल्याकडे आहे. वस्तुतः ते भाषेत शोधावयास हवे.

विद्यार्थ्यांचे प्रतिसाद जमा करून ते तपासण्याचा विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेला प्रयोग केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स यांनी केला. कवीचे नाव न सांगता कवितांचे छापील कागद ते विद्यार्थ्यांस देत आणि आठवड्याने त्यांचे लेखी अभिप्राय गोळा करीत. अभिप्राय देणाराही निनावीच राहत असे. अशा तेरा कवितांवरील प्रतिसादांची चिकित्सा १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात प्रसिद्ध झाली. इंग्रजी साहित्याचा रीतसर अभ्यास करणारे वाचकही कवितेचा सरळ अर्थ लावताना चुकतात, हा निष्कर्ष तेव्हा अनेकांस बोचला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती वाचनाच्या मार्गातील दोन विघ्ने. पहिले, वाचकाच्या खासगी आठवणी कवितेत शिरून तिची जागा घेतात. दुसरे, 'आई', 'मृत्यू', 'बालपण' असा शब्द दिसताच त्या शब्दाशी मनात आधीपासून जोडून ठेवलेला तयार प्रतिसाद बाहेर पडतो. डी. एच. लॉरेन्स यांच्या 'पियानो' या कवितेविषयीचे अभिप्राय या दृष्टीने वाचनीय आहेत. गाणे ऐकून बालपणाकडे ओढल्या जाणाऱ्या माणसाची ही कविता कित्येकांनी भाबडी म्हणून झिडकारली. त्या ओढीस तो माणूस स्वतःच विरोध करीत आहे, आणि तसे कवितेत स्पष्ट लिहिलेले आहे, हे मात्र त्यांच्या नजरेतून निसटले. झिडकारणारे आणि गहिवरणारे असे दोघेही येथे एकाच चुकीचे धनी आहेत, कारण दोघांनीही विषय वाचला, कविता वाचली नाही.

सर्जक प्रतिसादाचे समर्थन करणारे सामान्यतः रिचर्ड्सपेक्षा लुईस रोझेनब्लॅट यांचा आधार घेतात. १९३८ आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन ग्रंथांनी वाचकास साहित्यव्यवहारात मानाचे स्थान मिळवून दिले, हे खरेच. कागदावरील मजकूर म्हणजे कविता नव्हे. वाचक आणि मजकूर यांच्या व्यवहारातून घडते ती कविता, हे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. परंतु याच लेखिकेने ग्राह्य अर्थासाठी दोन अटीही घातल्या आहेत: मजकुरातील कोणत्याही अंगाशी त्या अर्थाचा विरोध नसावा, आणि मजकुरात ज्यास शाब्दिक आधार नाही असे काही त्यात घुसडलेले नसावे. वाचकाच्या हक्काची सनद म्हणून रोझेनब्लॅट यांचे नाव घेताना या अटी बहुधा गाळल्या जातात. सनदेतील कर्तव्यांचे कलम वाचावयाचेच नाही, असा हा प्रकार होय.

या अटींची कसोटी मराठी कृतीस लावून पाहता येईल. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. यमूच्या स्वमुखाने सांगितलेली ही कथा वाचनमंडळांस साहजिकच आकर्षित करते. 'यमूचे पतीस पत्र' हा विषय तर हमखास सुचण्याजोगा आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने असे पत्र लिहिले आणि त्याचा आरंभ 'प्रिय रघुनाथ' असा केला. पुढे तीत यमू आपल्या 'अस्मिते'विषयी लिहिते, 'घुसमट' व्यक्त करते, 'स्वतःचा अवकाश' मागते. पत्र कळकळीने लिहिलेले असेल, मंडळात त्याची वाहवाही होईल. पण ते यमूचे पत्र असणार नाही. संबोधनाच्या त्या दोन शब्दांतच कादंबरीचे जग कोसळलेले आहे.

याचे कारण केवळ शब्दांच्या कालविपर्यासात नाही. त्या काळातील पांढरपेशा स्त्रीच्या बोलण्यात पतीचा उल्लेख करण्यासाठी एक संपूर्ण व्याकरणिक व्यवस्था होती. नाव घ्यावयाचे नाही, ही झाली वरवरची अट. तिच्या पोटी वाक्यरचनाच बदलत असे. 'ते आले' याऐवजी 'स्वारी आली', 'ते म्हणाले' याऐवजी 'तिकडून म्हणणे झाले', समोर असता 'इकडून कधी यायचे होईल?' या रचनांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांचे वैचित्र्य ध्यानी येते. क्रियापदाचा कर्ता व्यक्ती राहतच नाही. क्रियेचे नाम होते, ते नपुंसकलिंगी वाक्याचा कर्ता बनते, आणि प्रत्यक्ष क्रिया करणारा माणूस एका दिशावाचक अव्ययात विरून जातो. पती ही या भाषेत व्यक्ती नसून दिशा आहे. मराठी घरांतून ही भाषा जवळजवळ लोपली असल्याने आजच्या वाचकास ती विनोदी वाटते, किंवा गुलामगिरीची खूण म्हणून एका वाक्यात निकालात काढता येते. तिच्यात आदर, संकोच, जवळीक आणि भय ही एकमेकांत किती गुंतलेली होती, हे मात्र ती वापरून पाहिल्याखेरीज उमगत नाही.

या व्यवस्थेचे सर्वांत लक्षणीय उदाहरण कादंबरीत नसून आत्मचरित्रात आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत न्यायमूर्ती रानडे यांचा निर्देश रमाबाई 'स्वतः' या शब्दाने करतात. 'स्वतः' हे आत्मवाचक सर्वनाम. वाक्यात आधी येऊन गेलेल्या कर्त्याकडे त्याने निर्देश करावयाचा, हा सामान्य नियम. येथे असा कर्ता नसतोच. आधी कोणाचेही नाव नसता 'स्वतः' म्हटले की ते कोणाविषयी, हे सांगावे लागू नये, इतके ते पद एका व्यक्तीस वाहिलेले आहे. स्वतःची कथा सांगणाऱ्या स्त्रीच्या भाषेत 'स्वतः' हा शब्द दुसऱ्याचा आहे! या ग्रंथाचा जो इंग्रजी अनुवाद १९३८ साली निघाला त्याचे नावच 'हिमसेल्फ' असे ठेवण्यात आले. अनुवादिकेस या शब्दाचे मोल कळले होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते. रानडे १९०१ साली निवर्तले. ग्रंथ त्यानंतरचा. म्हणजे ज्याच्याकडे निर्देश करावयाचा ती व्यक्ती जगात नसतानाही ते सर्वनाम ढळलेले नाही.

रमाबाईंच्या आठवणींना वाचून लेखनाने उत्तर द्यावयाचे झाल्यास खरा सर्जक प्रश्न येथे उभा राहतो. हे सर्वनाम न मोडता रमाबाईंच्या मनातील एखादी न सांगितलेली गोष्ट सांगता येईल काय? राग सांगता येईल काय? ज्या घरात हाती पुस्तक धरल्याबद्दल घरातील बायकांचीच बोलणी ऐकावी लागली, त्या घरातील एका दुपारचे वर्णन 'इकडून', 'तिकडून', 'स्वतः' एवढ्याच सामग्रीवर करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास पाच ओळींतच कळून चुकेल, की तक्रारीचे वाक्य या भाषेत रचणे किती कठीण आहे. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तो कर्त्याच्या जागी येतच नाही. ती अडचण हेच त्याचे वाचन होय. 'रमाबाईंची घुसमट' या विषयावरील चार पानी निबंधातून जे हाती लागणार नाही ते या पाच फसलेल्या ओळींतून हाती लागेल. उलट, आजच्या भाषेत सुखाने लिहिलेल्या पत्रात अडचण कोठेच येत नाही. लेखणी सुरळीत चालते, आणि लिहिणाऱ्यास आपण ते पात्र 'जगलो' असे वाटते. हा सुरळीतपणाच संशयास्पद मानला पाहिजे.

मूळ कृतीत वाचकाने भर घालण्याचा प्रश्न मराठीस नवा नाही. ज्ञानेश्वरी हीच मुळी श्रोत्यांपुढे दिलेला एक सर्जक प्रतिसाद आहे. सातशे श्लोकांस सुमारे नऊ हजार ओव्यांनी दिलेला. पुढे पाठांतर करणाऱ्यांनी आणि नकला करणाऱ्यांनी या ग्रंथातही आपल्या पदरची भर टाकली. त्यांची भक्ती खोटी होती असे म्हणण्यास आधार नाही. किंबहुना फार आवडल्यामुळेच त्यांना हात आवरला नसावा. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि अखेरीस बजावले, की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. हे बजावणाऱ्या एकनाथांस स्वतंत्र प्रतिसादाचे वावडे होते, असे कोणी म्हणणार नाही. भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली विस्तृत टीका त्यांनी शके १४९५ मध्येच काशीस पूर्ण केली होती. आपली ओवी आपल्या ग्रंथात लिहावी, दुसऱ्याच्या ग्रंथात मिसळू नये, एवढाच त्यांचा विवेक. यमूच्या नावावर स्वतःचे विचार खपविणारे पत्र आणि ज्ञानेश्वरीत घुसलेली ओवी यांची जात एकच आहे.

समूहात वाचून दाखविण्याचा या लेखनावर काय परिणाम होतो, हाही विचार केला पाहिजे. रिचर्ड्सचे विद्यार्थी निनावी होते आणि एकमेकांस उत्तर देत नव्हते. वाचनमंडळातील प्रतिसाद सही करून, ओळखीच्या माणसांसाठी लिहिला जातो. त्यामुळे त्याची सर्वनामे पालटतात. मराठीत 'आम्ही' ऐकणाऱ्यास वगळते, 'आपण' त्यास सामावून घेते. आणि अशा लेखनात 'आपण'चा सुळसुळाट असतो. 'हे वाचताना आपण हेलावून जातो' या वाक्याने ऐकणाऱ्याची संमती पुराव्याआधीच घेऊन ठेवलेली असते. हेलावून न गेलेल्यास मतभेद व्यक्त करण्यास जागा राहत नाही, फक्त गटाबाहेर जाण्यास राहते. श्रोत्यांस उद्देशून बोलणे हा दोष नव्हे. ज्ञानदेव श्रोत्यांशी सतत बोलतात. पण ते मागतात अवधान, संमती नव्हे.

या दोहोंतील भेद समजण्यास विडंबनाचा इतिहास उपयोगी पडावा. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. कविमित्र जमून एकमेकांस कविता वाचून दाखवीत, ऐकणारे दाद देत. जाणत्या वाचकांचा हा मेळावा होता, आणि त्याने मराठी कवितेस पुष्कळ दिले. परंतु त्या कवितेतील लकबींचे सर्वांत अचूक वाचन मंडळाबाहेरच्या एका वाचकाने केले. 'केशवकुमार' या नावाने प्र. के. अत्रे यांनी लिहिलेली 'झेंडूची फुले' १९२५ साली निघाली. विडंबनकार हा निर्दय वाचक असतो, पण तो निष्काळजी वाचक असू शकत नाही. वृत्त, यमक, लाडके शब्द, वाक्य तोडण्याची ढब यांतील एकही गोष्ट त्याने चुकविली तर हसू येत नाही, आणि हसू न आल्यास त्याच्या लेखनास अस्तित्वच उरत नाही. गंभीर भावनेने लिहिलेल्या पत्रास अशी कोणतीही कसोटी नसते. मूळ भाषा चुकली तरी ते हृदयस्पर्शी म्हणून खपते. त्यामुळे वाचनमंडळाने पहिला स्वाध्याय विडंबनाचाच द्यावा, ही सूचना गांभीर्यानेच करावीशी वाटते.

राहिला मूल्यमापनाचा प्रश्न. अशा लेखनास गुण देताना 'कल्पकता' आणि 'संवेदनशीलता' असे रकाने आखले जातात. दोन्ही गुण थोर असले तरी परीक्षकास ते मोजता येत नाहीत. मोजता येते ते निराळेच. प्रतिसादाबरोबर मूळ कृतीचे एक पान जोडण्यास सांगावे आणि दोहोंतील क्रियापदे, संबोधने, सर्वनामे समोरासमोर ठेवावीत. जेथे विद्यार्थ्याने मूळ रचना मोडली आहे तेथे ती त्याने जाणून मोडली की त्यास ती दिसलीच नाही, एवढे विचारावे. 'प्रिय रघुनाथ' असे लिहिणारी विद्यार्थिनी जर म्हणाली, की जे संबोधन यमूस जन्मभर उच्चारता आले नाही तेच मी मुद्दाम पहिल्या ओळीत ठेवले, तर त्या पत्रास पूर्ण गुण द्यावे लागतील. मग पुढील सर्व ओळींत यमूची भाषा अभंग असली पाहिजे, म्हणजे ते एकच संबोधन तेथे वेगळे ऐकू येईल.