तट गेला, मैदानाचं काय झालं? व्हिएन्नाच्या रिंगश्ट्रासेचं एक परीक्षण

व्हिएन्नाच्या रिंगश्ट्रासेवर लिहिताना बहुतेक जण इमारतींची यादी देतात. संसद ग्रीक, नगरभवन गॉथिक, विद्यापीठ रेनेसाँ, बुर्गथिएटर बरोक. यादी चुकीची नाही. पण या रस्त्याची थोरवी आणि त्याची खोट, दोन्ही दर्शनी भागांत सापडत नाहीत. त्यासाठी हा रस्ता ज्या जमिनीवर उभा आहे, तिच्याकडे बघावं लागतं.

ही जमीन म्हणजे शहराच्या तटाबाहेरचा मोकळा पट्टा, ग्लासी. तोफांच्या माऱ्यात आडोसा नको म्हणून तिथे बांधकामाला बंदी असे. १५२९ आणि १६८३ चे तुर्कांचे वेढे व्हिएन्नाने तटाच्या जोरावर झेलले. पुढे तटाचा धाक ओसरला. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने राजवाड्यासमोरचा बुरूज उडवून दिला. पण त्याच्या आधीच, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, ग्लासीवर झाडं लागली होती, पायवाटा झाल्या होत्या. आतल्या शहरातले आणि बाहेरच्या उपनगरांतले लोक तिथे फिरायला येत. म्हणजे तट पाडायची वेळ आली तेव्हा ती जागा रिकामी नव्हतीच, लोकांच्या वापरातली होती.

२० डिसेंबर १८५७ रोजी सम्राट फ्रान्झ जोसेफने गृहमंत्र्याला पत्र लिहून तट पाडायचा हुकूम दिला. नाताळच्या दिवशी तो वृत्तपत्रात छापून आला. आराखड्यांच्या स्पर्धेत ८५ प्रवेशिका आल्या आणि १ मे १८६५ ला रस्त्याचं उद्घाटन झालं. सुमारे ५७ मीटर रुंदीचा हा रस्ता, कालव्याकाठचा भाग धरून पाच किलोमीटरांहून थोडा जास्त भरतो. लष्कराने मात्र सहजासहजी पाय मागे घेतला नाही. १८४८ च्या उठावानंतर त्याला भीती तुर्कांची नव्हती, उपनगरांतल्या कामगारांची होती. म्हणून कालव्याकडच्या दोन्ही टोकांना बराकी उभ्या राहिल्या. त्यातली रोसाऊची बराक आजही आहे. कवायतीचं मोठं मैदान तर लष्कराने १८७० च्या आसपास सोडलं, तेव्हा कुठे संसद, नगरभवन आणि विद्यापीठ यांना जागा मिळाली.

पैसा कुठून आला, हा या कथेतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. सरकारने स्वतंत्र नगरविस्तार निधी काढला. मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड खासगी लोकांना विकायचे, त्यांना बरीच वर्षं करमाफी द्यायची, आणि आलेल्या पैशातून रस्ता, बागा, संग्रहालयं, नाट्यगृहं उभी करायची. योजना हुशारीची होती यात शंका नाही. पण तिचा दुसरा अर्थ असा, की संग्रहालय आणि ऑपेरासाठी मैदान विकलं गेलं.

आता इमारतींकडे वळू. ऑपेराचे वास्तुकार फान डेर न्युल आणि सिकार्ड्सबुर्ग. बांधकाम चालू असताना समोरच्या रस्त्याची पातळी सुमारे एक मीटरने उंचावली, इमारत खचल्यासारखी दिसू लागली आणि शहरभर टिंगल झाली. १८६८ मध्ये न्युलने आत्महत्या केली, काही आठवड्यांत सिकार्ड्सबुर्गही गेला. १८६९ चं उद्घाटन दोघांनीही पाहिलं नाही. आज तीच इमारत शहराचा अभिमान आहे, हे टीकाकारांनी लक्षात ठेवलेलं बरं.

रिंगश्ट्रासेवर सगळ्यात गाजलेली टीका दोघांची. कामिलो सिटेने १८८९ च्या पुस्तकात म्हटलं की इथे इमारती मोकळ्या जागेत तरंगतात, चौकाला भिंती नाहीत, माणसाला कुठे थांबावंसं वाटत नाही. व्होटिव्ह चर्चसमोरच्या जागेबद्दल हे अगदी पटतं. नगरभवनाच्या बाबतीत मात्र पुढच्या बागेने ती पोकळी बरीच भरून काढली आहे. दुसरा आडोल्फ लोस. १८९८ मध्ये त्याने या घरांना पोटेमकिनची नगरी म्हटलं. पोटेमकिनने राणीला दाखवायला खोटी गावं उभारल्याचं सांगतात, तशी ही सिमेंटच्या साच्यातली, दगडाचा आव आणणारी नक्षी.

लोसचा राग समजतो, पण माझं मत थोडं वेगळं आहे. या भाड्याच्या वाड्यांच्या खिडक्या मजल्यामजल्याने नीट बघा. पहिल्या मजल्यावर खांब आणि कमानी, तिथे मालक राहायचा. वर जाल तशी नक्षी कमी आणि भाडंही कमी. दगड खोटा असेल, पण कोण कुठल्या पायरीवर आहे हे ती भिंत सरळ सांगून टाकते. मालकांमध्ये एप्स्टाइन, एफ्रुसी यांसारखी ज्यू सावकार घराणी होती, ज्यांना शहरात मालमत्ता घ्यायची मोकळीक नुकतीच मिळाली होती. १९३८ मध्ये नाझींनी एफ्रुसी वाडा बळकावला, तेव्हा या वैभवाचा पाया किती कच्चा होता ते कळलं.

आणि विटा? त्या शहराच्या दक्षिणेच्या वीनरबेर्गच्या भट्ट्यांतून आल्या. तिथे मुख्यतः बोहेमिया-मोरावियातून आलेले मजूर राबत. १८८८ मध्ये विक्टर आडलरने त्यांची दशा छापून उघड केली: मजुरी पत्र्याच्या बिल्ल्यांत, बिल्ले चालणार फक्त भट्टीच्याच दुकानात, आणि झोपायला एका खोलीत दाटीवाटी. रिंगश्ट्रासेच्या प्रत्येक कौतुकात ही एक ओळ यायला हवी, पण सहसा येत नाही.

बाहेरचा दुसरा तट १८९० च्या दशकात पडला आणि तिथे ग्युर्टेल हा दुसरा वळसा-रस्ता झाला. त्याच्या कडेने ओट्टो वाग्नरची शहर-रेल्वे धावू लागली, पलीकडे कामगारवस्त्या वाढल्या. तट गेले तरी आतले आणि बाहेरचे हा भेद राहिलाच.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. १८६० च्याच दशकात बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत मुंबईच्या फोर्टचा तट पडला. तिथेही सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय गॉथिक थाटात एका ओळीत उभं राहिलं. फरक एवढाच, की मुंबईत त्या ओळीसमोर ओव्हल मैदान उरलं. आझाद मैदान, क्रॉस मैदान हीसुद्धा तटाबाहेरच्या त्याच मोकळ्या जागेची शिल्लक. व्हिएन्नाने ग्लासीवर राजेशाही रस्ता बांधला, मुंबईने थोडं मैदान राखलं आणि तिथे आजही पोरं क्रिकेट खेळतात. वास्तुकलेच्या तुलनेत व्हिएन्ना भारी पडेल. लोकांच्या हक्काच्या जागेच्या हिशेबात निकाल इतका सोपा नाही.

तरी व्हिएन्नाच्या पारड्यात एक गोष्ट टाकलीच पाहिजे. विकलेल्या जमिनीच्या बदल्यात श्टाटपार्क, नगरभवनाची बाग, झाडांच्या रांगा आणि सगळ्यांना खुली संग्रहालयं शहराला मिळाली, आणि ती टिकली. आपल्या गावांत जुना तट, वाडा किंवा छावणीची जमीन मोकळी होते तेव्हा आपण वारसाप्रेमी बहुधा वेशीच्या कमानीसाठी भांडतो. कमान वाचावीच. पण त्याआधी विचारायचं ते हे: जमीन कुणाला गेली, पैसा कुठे गेला, आणि लोकांच्या वाट्याला परत काय आलं? रिंगश्ट्रासेला हे तीन प्रश्न विचारले तर निदान तिसऱ्याला तरी बरं उत्तर मिळतं. आपल्याकडे किती ठिकाणी मिळेल?