मुक्तीचा धर्मविचार : एक आक्षेप

पेरू देशांतील धर्मगुरु गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचा मुक्तीच्या धर्मविचारावरील स्पॅनिश ग्रंथ १९७१ सालीं लिमा येथें प्रसिद्ध झाला. ज्या देशांत ख्रिस्ती धर्म स्पॅनिश तरवारीच्या छायेंत शिरला, तेथेंच त्या धर्माचा अर्थ दीनांच्या बाजूनें लावला जावा, ही गोष्ट लहान नव्हे. दारिद्र्य दैवानें येत नाहीं, समाजरचनेनें येतें. म्हणून पीडितांची सेवा आधीं व धर्ममीमांसा मागाहून, असें ग्रंथकाराचें सांगणें आहे. असा कैवार घेण्याचें मोल काय, हें एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांच्या १९८० मधील हत्येनें जगास दाखविलें.

तथापि ज्या निर्गमाच्या कथेवर या ग्रंथाची मोठी भिस्त आहे, तिच्याविषयींच आमचा आक्षेप आहे. इस्रायली लोक इजिप्तच्या दास्यांतून सुटले, येथपर्यंत ती दीनांची कथा खरी. परंतु पुढें त्यांनीं कनान देश जिंकला, तेथील मूळ रहिवाशांचें काय? अमेरिकेंतील आदिवासी विचारवंत रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनीं १९८९ सालीं हाच प्रश्न विचारला. पेरूच्या आदिवासीनें स्वतःस इस्रायली मानावें कीं कनानी? या ग्रंथांत त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस मिळत नाहीं.

सोळाव्या शतकांत आदिवासींचा पक्ष घेणाऱ्या लास कासास यांच्यावर गुतिएरेझ यांनीं १९९२ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. पहिल्याची उणीव त्यानें बरीचशी भरून निघते. गुतिएरेझ २०२४ सालीं निवर्तले. त्यांचा पहिला ग्रंथ दुसऱ्यावांचून वाचूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.