पांढऱ्या उंदराचा अर्धाच धडा

शैक्षणिक मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘अध्ययन’ या प्रकरणाखाली दोन गोष्टी हमखास असतात. एक पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची, दुसरी वॉटसनच्या अल्बर्टची. शिक्षक होताना आपण त्या वाचतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. आमची तक्रार दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. आमच्या पाहण्यातल्या पुस्तकांत ती अर्धीच सांगितलेली असते. आणि शिक्षकाच्या उपयोगाचा भाग नेमका उरलेल्या अर्ध्यात आहे.

पुस्तकातली गोष्ट अशी : अल्बर्ट नावाचे तान्हे मूल पांढऱ्या उंदराला भीत नव्हते. त्याने उंदराला हात लावला की वॉटसन मागे लोखंडी कांब हातोडीने वाजवीत. काही वेळा असे झाल्यावर मूल नुसत्या उंदराला भिऊ लागले. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांचीही त्याला भीती वाटू लागली. तात्पर्य, तटस्थ उद्दीपकाला भावनिक अर्थ येतो; यालाच अभिसंधान म्हणतात. येथे प्रकरण संपते.

जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांचा मूळ निबंध १९२० साली प्रसिद्ध झाला. तो लहानसा आहे आणि त्यात रोजच्या नोंदी दिल्या आहेत. त्या वाचल्या की चित्र बदलते. अकरा महिन्यांच्या अल्बर्टला प्रथम दोनदा आणि आठवड्याने पाच वेळा, असे एकूण सातदा उंदीर आणि आवाज एकत्र देण्यात आले. मूल घाबरले, रडले, रांगत दूर पळाले. मात्र त्यानंतर दहा दिवसांनी उंदीर दाखवला, तेव्हा भीती ओसरलेली दिसली. मग प्रयोगकर्त्यांनी प्रतिक्रिया ‘ताजी’ करण्यासाठी पुन्हा कांब वाजवली. एवढेच नव्हे, तर ससा आणि कुत्रा दाखवतानाही वाजवली. म्हणजे त्यानंतरची सशाची भीती उंदरावरून आपोआप पसरली, की सशाबरोबर ऐकलेल्या आवाजामुळे आली, हे सांगता येत नाही. शिवाय प्रयोग एकाच मुलावर झाला आणि तुलनेसाठी दुसरे मूल नव्हते. सातवी-आठवीच्या विज्ञान प्रदर्शनात एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रयोग मांडला, तर आपण त्याला लगेच अडवू.

आणखी दोन नोंदी शिक्षकांनी मुद्दाम पाहाव्यात. मुलाला एका मोठ्या, उजेडाच्या खोलीत नेले तेव्हा त्याची भीती कमी दिसली. दुसरे, अंगठा तोंडात असला की मूल घाबरत नसे. भीती दिसावी म्हणून त्याचा अंगठा पुनःपुन्हा बाहेर काढावा लागला. महिन्याने घेतलेल्या चाचणीत भीती उरली होती, पण तिचा जोर कमी झाला होता. भीती गेलेली नव्हती, तशी ती दगडावरची रेघही नव्हती. जागा, सोबत, आधार यांवर ती कमीजास्त होत होती.

ही भीती घालवण्याचा प्रयत्न मात्र झाला नाही. मूल रुग्णालयातून गेल्यामुळे संधी मिळाली नाही, असे निबंधात म्हटले आहे. परंतु ते कधी जाणार हे प्रयोगकर्त्यांना महिनाभर आधीच ठाऊक होते. बेन हॅरिस यांनी १९७९ साली या प्रयोगाचा इतिहास तपासला, तेव्हा अनेक पाठ्यपुस्तकांत चुका आढळल्या. काहींनी तर अल्बर्टची भीती शेवटी घालवली, असा गोड शेवट परस्पर जोडला होता. एका मुलाला भिववून तसेच सोडून दिले, हे लिहिण्याचे धैर्य झाले नसावे.

खरा दुसरा अर्धा भाग १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी लिहिला. पीटर हा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. न भिणाऱ्या मुलांच्या सोबतीने त्याची भीती कमी होत गेली. मध्यंतरी तो आजारी पडला, रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला, आणि भीती परत आली. मग पीटर आवडीचे खात असताना ससा पिंजऱ्यातून खोलीत आणायचा आणि हळूहळू जवळ न्यायचा, असा क्रम ठेवला. शेवटी तो सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला.

भीती परत का येते? अभिसंधित प्रतिसाद विलोपनानंतर काही काळाने पुन्हा डोके वर काढतो, हे पाव्हलॉव्ह यांनीच नोंदवले होते. पुढे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले की एका पिंजऱ्यात विझलेली भीती जुन्या पिंजऱ्यात नेल्यावर परतते. म्हणजे विलोपन ही खोडरबराची क्रिया नव्हे. जुना धडा राहतो. त्यावर ‘येथे आता धोका नाही’ असा नवा धडा शिकावा लागतो.

वर्गात याचा अर्थ काय? टेबलावरचे डस्टर, फळ्यापाशी येण्याचा हुकूम, वहीवरची लाल शाई या मुळात तटस्थ गोष्टी आहेत. त्यांना भीतीचा अर्थ आपणच देतो, आणि त्याला थोडेच प्रसंग पुरतात. नंतर ‘भिऊ नकोस’ असे एकदा म्हटल्याने किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीने तो पुसला जात नाही. फळ्यापाशी चुकले तरी कोणी हसले नाही, हे मुलाने पुनःपुन्हा, वेगवेगळ्या तासांना अनुभवावे लागते. एखादे दिवशी भीती परतली तर ‘सगळे वाया गेले’ असे मानण्याचे कारण नाही. गणिताच्या भीतीला इतरही कारणे असतात, हे आम्ही नाकारत नाही; पण जे कारण आपल्या हातात आहे, ते तरी टाळता येते.

म्हणून पुस्तके लिहिणाऱ्यांना आमची विनंती आहे, की अल्बर्टशेजारी पीटरलाही जागा द्यावी. आणि महिन्यानंतरच्या चाचणीतली एक ओळ गाळू नये. अल्बर्टने सशाला आधी पायांनी दूर ढकलले, तो कुरकुरला. मग सुमारे मिनिटभराने त्याने हळूच हात पुढे केला आणि सशाच्या कानाला लावला. त्या वेळी कोणी कांब वाजवीत नव्हते.