दोन कागद आणि माणसांची भिंत

‘घाशीराम कोतवाल’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, त्यातला मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती घुटमळतो. नाना फडणवीस खरोखर असे होते का? १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पुण्यात पहिला प्रयोग केला. १९ प्रयोगांनंतर तो संस्थेनेच थांबवला, मग कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापून तो पुन्हा उभा केला, आणि १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी वाद नव्याने पेटला. या साऱ्या काळात बाजूचे आणि विरोधातले दोघेही नानांच्या शयनगृहातच अडकून पडले. एकाला ती बदनामी वाटली, दुसऱ्याला कलेचे स्वातंत्र्य. मला विचारायचे आहे ते निराळे : नाटकातल्या नानांचा हुकूम नेमका कोणकोणत्या कागदांवर आहे?

महत्त्वाचे कागद दोनच. एक घाशीरामच्या नेमणुकीचा, दुसरा त्याच्या मरणाचा. मधला सगळा काळ पुण्यात कोतवालाचा अंमल चालतो. प्रेत जाळायलासुद्धा परवाना लागतो. लोक शिव्या देतात त्या कोतवालाला. नेमणारा हात कुणाला आठवत नाही.

इतिहासातही गोष्ट फार वेगळी नाही, फक्त अधिक रुक्ष आहे. (आणि मला वाटते, म्हणूनच अधिक भयंकर.) ऐतिहासिक घाशीराम औरंगाबादहून आलेला. १७७७ साली तो पुण्याचा कोतवाल झाला आणि ऑगस्ट १७९१ पर्यंत त्या पदावर राहिला. दक्षिणेसाठी शहरात आलेले तैलंग ब्राह्मण त्याच्या बंदिखान्यात कोंडले गेले, त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले. नानांच्या वाड्यापुढे जमाव जमला, कोतवाल जमावाच्या हवाली झाला आणि दगडांनी ठेचला गेला. लोकांच्या स्मरणात राहिले ते हे शेवटचे दिवस. मला मात्र त्याआधीची चौदा वर्षे खुपतात. कोतवालीतल्या दंडाचे आणि वसुलीचे हिशेब सरकारी दफ्तरात जात, आणि फडणीस म्हणजे मुळात दफ्तराचा, हिशेब तपासण्याचा अधिकारी. सवाई माधवराव तेव्हा सतरा वर्षांचे. त्यांच्या नावाने राज्य चाले, चालवीत नाना. पुण्यातल्या कुणी त्यांना निवडले नव्हते आणि कुणी त्यांना जाब विचारू शकत नव्हते. जमावाला खाली आणता येईल असा एकच माणूस हाताशी होता, तो त्याने आणला.

तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नव्हे असे स्वतःच सांगितले होते, तेव्हा इतिहासाची फूटपट्टी लावून मला त्यांना मोजायचे नाही. त्यांचे मोठेपण एका स्वगतात आहे. नेमणुकीनंतर नाना प्रेक्षकांशी बोलतात आणि उघडच सांगतात, की आपण करू त्याचे पाप या कोतवालाच्या खाती जमा होईल. पडद्याआडची सत्ता म्हणतात ती ही, आणि ती पहिल्याच अंकात पडद्याबाहेर येऊन आपला हिशेब आपल्याला समजावून जाते. आपण हसतो. पुढे घाशीराम ठेचला जाताना आपल्याला सुटल्यासारखे वाटते. म्हणजे माहिती असूनही आपण तेच करतो जे पुण्याच्या जमावाने केले.

मग लपले काय? त्याचे उत्तर प्रयोगाच्या रचनेत आहे. बारा ब्राह्मणांची ती प्रसिद्ध रांग आठवा. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांनी तिला जो देह दिला, त्याचे कौतुक बहुधा शैली म्हणून झाले. पण ही भिंत विटांची नाही, नागरिकांची आहे. तीच कीर्तन ऐकते, तीच वाडा होते, तीच पाठ फिरवते आणि तिच्यामागे नानांचे जे काय चालायचे ते चालते. ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस सत्तेचा खेळ बाजूला उभा राहून पाहतो, इथे बाजू नावाची जागाच ठेवलेली नाही.

नाटकाची एक उणीव मात्र मला दर वाचनात टोचते. गौरी. तिच्या बदल्यात कोतवाली मिळते, ती मरते, आणि ते मरण आपल्याला दिसत नाही, नुसते कळते. घाशीराम जाब विचारायला जातो तेव्हा नाना त्याला अध्यात्म ऐकवून शांत करतात. तो प्रसंग लेखनाच्या दृष्टीने उत्कृष्ट आहे. पण त्यात बोलतात दोघे पुरुषच. भिंतीमागचे दाखवणाऱ्या नाटकाने एवढे एक माणूस भिंतीमागेच ठेवले.

आज नोकरशाहीविषयी आपण जे बोलतो तेही बहुतेक कोतवालापाशीच थांबते. तलाठी, खिडकीवरचा बाबू, फार तर एखादा आयुक्त. म्हणून २००६ सालचा एक वाद मला या नाटकाच्या फार जवळचा वाटतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला. फाइलीवरच्या टिप्पण्या, म्हणजे कुणी काय सुचवले, कुणी हरकत घेतली, कुणी ती खोडली, त्या नागरिकाला दाखवायच्या की नाही, यावर लगेच झगडा सुरू झाला. केंद्र सरकारने बहुतेक टिप्पण्या वगळणारी दुरुस्ती पुढे आणली आणि देशभर विरोध झाल्यावर ती मागे पडली. अंतिम आदेश दाखवायला कुणाची ना नव्हती. आदेशाआधीचे समास झाकायचे होते. त्या वेळी लोकांनी कोतवाल मागितला नाही, कागद मागितला.

नाटकात तसा कागद कुणी मागत नाही. घाशीरामचे प्रेत पडते, नाना येतात, पुण्यावरचे संकट टळले म्हणून उत्सव करण्याची आज्ञा देतात, आणि मघाची तीच रांग, तेच बारा जण, पुन्हा ताल धरून नाचू लागतात.