वस्त्रे, अक्षर आणि हाक

एस. एन. पाटणकर यांनी १९१५ साली नारायणराव पेशव्यांच्या वधावर काढलेल्या मूकपटाची नोंद 'पहिला ऐतिहासिक चित्रपट' अशी होते आणि तेथेच थांबते. चित्रपटच पाहायला मिळत नसल्याने हे क्षम्य आहे. तथापि 'पहिला' या विशेषणाखाली एक वाङ्मयीन प्रश्न झाकला जातो. जिचे मर्म शब्दांत आहे अशी कथा शब्दांवाचून कशी उभी राहते?

३० ऑगस्ट १७७३ च्या त्या घटनेची लोकस्मृती एका हाकेवर आणि एका अक्षरावर उभी आहे. 'काका, मला वाचवा' ही ती हाक; आणि 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका, जिला इतिहासाचा भक्कम आधार नाही, ते अक्षर. मूकपटाला हाक ऐकवता येत नाही, अक्षर मात्र पडदाभर दाखवता येते. त्यामुळे माध्यमाचा स्वाभाविक कल पुतण्याच्या कारुण्याकडून काकूच्या लेखणीकडे झुकतो. (आनंदीबाईंच्या प्रतिमेवर आपल्या नाट्यपरंपरेने केलेला अन्याय वेगळाच.)

पण खरा पेच रघुनाथरावांचा आहे. दावा ही मूलतः भाषिक गोष्ट आहे. वंशावळ, करार, फर्मान यांवाचून तिला अस्तित्व नाही. मूकपटातील दावेदार तो सिद्ध कशाने करणार? येथे मराठी राजकीय परिभाषाच साहाय्याला येते. पेशवेपद 'मिळत' नसे. साताऱ्याहून पेशवाईची 'वस्त्रे' येत. रघुनाथरावांना ती १७७३ मध्ये आली, आणि १७७४ मध्ये पाळण्यातल्या सवाई माधवरावांच्या नावे निघाली. पोशाखी नाट्यात वेशभूषा ही सजावट मानण्याची समीक्षेची सवय या कथेपुरती तरी निरुपयोगी ठरते. येथे पोशाख हाच युक्तिवाद आहे. सुरतेचा तह, सालबाईचा तह, १७८३ मध्ये कोपरगावी मृत्यू, हा पुढचा सारा प्रवास निसटलेल्या वस्त्रांमागचा आहे.

अशा निःशब्द कथनाची जुनी उदाहरणे शोधण्यासाठी दूर जायला नको. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकही भाऊबंदकीचेच आहे: धाकट्या भावाने थोरल्याला मारून मिथिलेचे राज्य घेतले आणि मृताचा मुलगा परमुलखात वाढला. भिंतीवर राजा पुन्हापुन्हा येतो. मुकुट, अलंकार, भोवतालचा परिवार यांवरून तो ओळखायचा. हे चित्र कळते, कारण पाहणाऱ्याला कथा आधीच ठाऊक असते. १९१५ च्या प्रेक्षकाची स्थिती निराळी नव्हती. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ चे. राघोबाचे आणि रामशास्त्र्यांचे शब्द रंगभूमीने त्याच्या कानांत आधीच साठवून ठेवले होते. म्हणून पाटणकरांच्या कृतीला संहिता नव्हती असे म्हणणे बरोबर नाही. तिची संहिता प्रेक्षागृहात बसलेली होती.

प्रभातचा 'रामशास्त्री' (१९४४) आला तोवर पडद्याला वाणी मिळालेली होती, आणि कथेचा मध्यबिंदू हलला. नावाप्रमाणेच तो चित्रपट न्यायाधीशाचा आहे. दावेदार तेथे आरोपी होतो. देहान्त प्रायश्चित्ताचा उच्चार ऐकू येऊ लागल्यावर वस्त्रांची साक्ष काढण्याची निकड उरत नाही. मूकपटाला मात्र ही सोय नव्हती. दोषी आणि पेशवा हे एकच माणूस आहेत, एवढी गोष्ट त्याला एकाच पगडीखाली, एकाच चेहऱ्यावर दाखवावी लागणार होती.