नाकाला गोड, जिभेला कोरडी

ग्लेनफार्क्लास १५ ही स्कॉच व्हिस्की ग्लासात ओतावी आणि पाचेक मिनिटं तशीच राहू द्यावी. मग नाक जवळ नेलं की आधी येतात काळ्या मनुका, भिजवून फुगलेल्या. त्यांच्यामागून सुकं अंजीर, संत्र्याची वाळलेली साल, एखादी लवंग आणि नाताळातल्या प्लम केकचा मुरलेला वास. एवढं सगळं गोड नाकात शिरल्यावर जीभ साहजिकच पाकाच्या तयारीत बसते. घोट घेतला की तिची फजिती होते. व्हिस्की कोरडी आहे! मधाची पुसटशी चव येऊन जाते, मग अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा हिरड्या धरतो आणि बराच वेळ सोडत नाही. या फजितीसाठीच मी ही व्हिस्की पितो.

शेरी म्हणजे गोडच, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. या व्हिस्कीची पिंपं ओलोरोसो शेरीची. दक्षिण स्पेनमधल्या हेरेथ भागातली ही वाइन हवा लागू देत मुरवतात आणि तिच्यात साखर नावापुरतीच असते. पिंपातून व्हिस्कीत येतो तो सुक्या मेव्याचा वास, आणि ओकच्या लाकडाचा तुरटपणा. गोडवा सगळा नाकापुरता. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची, आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडच्या डिस्टिलऱ्यांना आयती मिळायची. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायचा नियम झाला आणि ती सोय संपली. आता व्हिस्कीसाठी म्हणून पिंपांत मुद्दाम शेरी भरून ठेवावी लागते. शेरी कास्कच्या बाटल्या महाग का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

पण पिंपाचं कौतुक फार झालं. शेरी कास्कच्या कित्येक व्हिस्की मला नुसत्या मनुकांच्या वाटतात. मूळ दारू कुठली हे कळतच नाही. इथे ते कळतं. दुसऱ्या घोटाला मनुकांच्या खालून एक खरपूस चव वर येते: बेसन भाजताना तळाला लागायच्या जरा आधी कढईतून जो वास सुटतो, अगदी तोच. त्याचं मूळ चुलीत असावं. बहुतेक डिस्टिलऱ्या तांब्याची भांडी वाफेने तापवतात, ग्लेनफार्क्लास अजून थेट गॅसच्या ज्वाळेवर. पहिल्या उकळीच्या भांड्यात तळाशी साखळ्या फिरत राहतात, मालाने बूड धरू नये म्हणून. बेसनात कलथा फिरवत राहावा तसंच. वाफेचा प्रयोग त्यांनीही एकदा केला होता. दारूतला भरीवपणा गेला म्हणून परत ज्वाळेवर आले. १८६५पासून डिस्टिलरी ग्रँट घराण्याकडेच आहे, तेव्हा असा हट्ट परवडत असेल.

रंगाबद्दल एवढंच, की तो जुन्या सोन्यासारखा आहे, चहासारखा काळपट नाही. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे, पण ग्लेनफार्क्लासवाले घालत नाहीत. गडद म्हणजे उत्तम, असं समजणाऱ्याची इथे निराशा होईल. होऊ द्यावी.

मद्यार्क ४६ टक्के. पाण्याचे चार-पाच थेंब टाकले की लवंग मागे सरते, संत्रं पुढे येतं आणि खरपूसपणा उलगडतो. चमचाभर पाणी मात्र जास्त होतं, मग तुरटपणा एकटा पडतो. अर्ध्या तासाने ग्लासाच्या तळाशी उरलेल्या घोटात मला दर वेळी जुन्या लाकडी कपाटाचा वास येतो.

प्यायलात तर बर्फ तेवढा घालू नका. थंडीने मनुकांचा वास आधी मिटतो, आणि नाकाने काही कबूलच केलं नाही तर जिभेची फजिती व्हायची कशी?