नऊ कथा आणि दहावी : हिवाळी प्रदर्शनांकडे उपनगरातून पाहताना

मुंबईत संग्रहालयांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पावसाळ्याची दमट हवा ओसरलेली असते, शाळांच्या सहली निघू लागतात, परगावचे पाहुणे येतात आणि फोर्टात भर दुपारीही पायी हिंडता येते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली अलीकडची मोठी प्रदर्शने याच दिवसांत उघडली. इजिप्तच्या ममींचे नोव्हेंबर २०१२मध्ये, सायरसच्या कोरीव लेखाच्या मृत्तिका-दंडगोलाचे डिसेंबर २०१३मध्ये, 'भारत आणि जग : नऊ कथांमधून इतिहास' हे नोव्हेंबर २०१७मध्ये आणि भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पांचे डिसेंबर २०२३मध्ये. या चारही प्रदर्शनांत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील वस्तू होत्या.

यांपैकी 'भारत आणि जग' हे मी सर्वांत बारकाईने पाहिले. चारकोपहून बसने कांदिवली स्थानक, तिथून चर्चगेट आणि पुढे पायी, असा दारापासून दारापर्यंत पावणेदोन तासांचा प्रवास त्या हिवाळ्यात मी चार वेळा केला. इतिहासाचे रीतसर शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्याला अशा प्रदर्शनातली मांडणी आणि फलक हेच पाठ्यपुस्तक असते. त्यामुळे मांडणी काय शिकवते आणि काय शिकवायचे राहून जाते, हा माझ्यापुरता केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही.

हे प्रदर्शन ११ नोव्हेंबरला उघडले, ही तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते या वास्तूची कोनशिला बसवण्यात आली. जॉर्ज विटेट यांनी रचलेली इमारत १९१४मध्ये पूर्ण झाली. पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते आणि संग्रहालय म्हणून ती लोकांसाठी खुली व्हायला १० जानेवारी १९२२ उजाडले. साम्राज्याच्या युवराजाच्या नावाने उभ्या राहिलेल्या वास्तूत, साम्राज्याच्या राजधानीतल्या वस्तू पाहुण्या म्हणून आणून भारताने जगाची कथा आपल्या बाजूने सांगावी, ही कल्पनाच मोठी होती. नमन आहुजा आणि जे. डी. हिल या दोन संयोजकांनी दोनशेहून अधिक वस्तू नऊ दालनांत मांडल्या. पहिल्या दालनात दगडी हातकुऱ्हाडी होत्या, तर 'स्वातंत्र्याचा शोध' हे दालन शेवटाकडे होते.

प्रदर्शनाची सारी भिस्त एका युक्तीवर होती. दोन ठिकाणच्या वस्तू शेजारी शेजारी ठेवायच्या आणि पाहणाऱ्याला तुलना करू द्यायची. ही युक्ती कुठे सफल झाली आणि कुठे अपुरी पडली, हे दोन उदाहरणांनी पाहू.

रेम्ब्राँने काढलेले जहांगीर बादशहाचे रेखाचित्र तिथे होते. रेम्ब्राँने नेदरलँड्सबाहेर कधी पाऊल टाकले नाही. डच व्यापाऱ्यांमार्फत ॲमस्टरडॅमला पोहोचलेली मुघल लघुचित्रे पाहून त्याने सतराव्या शतकात अशी रेखाचित्रे काढली. इथे दोन संस्कृतींमधला दुवा प्रत्यक्ष आहे. जहाज, व्यापारी, कागद आणि चित्रकाराचे कुतूहल या सगळ्यांतून तो दाखवता येतो. दुसरीकडे रोमन सम्राट हेड्रियनचा अर्धपुतळा आणि मस्तक हरवलेला कुषाण राजा. दोघेही आपली सत्ता दगडातून मिरवतात, हे साम्य पटते. परंतु या दोन मूर्तींमध्ये रेम्ब्राँच्या चित्रासारखा थेट दुवा नाही. आहे तो समकालीनत्वाचा आणि सत्तेच्या गरजेचा. जवळ ठेवणे म्हणजे जोडणे नव्हे. कोणती जोडी संपर्काची आणि कोणती निव्वळ साम्याची, हे ठळकपणे वेगळे केले असते तर नवख्या प्रेक्षकाच्या हाती केवळ थक्क होण्यापेक्षा अधिक काही लागले असते.

थाळीफेक करणाऱ्या तरुणाचा प्रसिद्ध पुतळाही लंडनहून आला होता. मूळ ग्रीक कांस्यशिल्पाची ही रोमन संगमरवरी प्रत १७९१मध्ये तिवोली येथे, हेड्रियनच्या प्रासादाच्या परिसरात सापडली आणि दुरुस्त करताना तिचे डोके चुकीच्या दिशेने बसवले गेले. मूळ शिल्पातला खेळाडू मागे, हातातल्या थाळीकडे पाहतो. हा खाली पाहतो. माझ्याबरोबर आलेल्या भाच्याला हे सांगितल्यावर तो पुतळ्याभोवती तीन फेऱ्या मारून आला आणि घरी जाईपर्यंत 'मग नीट का नाही केलं?' हेच विचारत राहिला. वस्तू कुठे सापडली, कुणी विकत घेतली, कुणी सांधली आणि आता कुठे राहते, ही तिची पुढची कथाही इतिहासच असते. पाहुण्या वस्तूंची ही बाजू प्रदर्शनाच्या मध्यभागी आली असती, तर स्वातंत्र्याचे दालन अधिक धारदार झाले असते.

माझा मुख्य मुद्दा मात्र परतीच्या गाडीतला आहे. पश्चिम रेल्वेची लोकल ज्या पट्ट्यातून धावते, तो पट्टाच 'भारत आणि जग' या विषयाचा पुरावा आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२मध्ये स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आला. तो तुकडा आज याच संग्रहालयात आहे. बोरिवलीच्या डोंगरातल्या कान्हेरी लेण्यांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांचे लेख आहेत. तिथेच इसवी सन १००९ आणि १०२१मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत कोरलेली आपली नावेही आहेत. आणि चारकोपपासून अगदी जवळ, बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावात, शिलाहारकाळाशी जोडले जाणारे सहा वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा आणि आरमारी लढाई कोरलेली आहे.

प्रदर्शनात हिंदी महासागरातील व्यापाऱ्यांवर एक पूर्ण दालन होते. ते पाहून मी भारावलो, आणि मग लक्षात आले की एकसरच्या रस्त्याने मी वर्षानुवर्षे जात असूनही वीरगळांपाशी एकदाही थांबलो नव्हतो. दोष माझा आहेच. पण इतिहास फोर्टात असतो आणि उपनगरात फक्त घरे असतात, ही समजूत माझ्या एकट्याची नाही. चारकोप ही तर म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात आखलेली वसाहत. लहान लहान भूखंडांवर लोकांनी सोसायट्या करून घरे उभारली. आपल्या पायाखाली काही जुने असेल, असे अशा वसाहतीला कुणी सांगितलेले नसते.

यावर संग्रहालयाने काय करावे? लंडनहून आलेला संगमरवरी पुतळा कांदिवलीच्या शाळेत नेता येणार नाही. विमा, सुरक्षा आणि हवेचे नियंत्रण यांच्या अटी खऱ्या असतात. याच संग्रहालयाने २०१५पासून चालवलेली फिरत्या संग्रहालयाची बस हे त्या दिशेचे मोलाचे पाऊल आहे. पण पुढचा मार्गही संग्रहालयातच दिसतो. परळला १९३१मध्ये सापडलेली भव्य शिवमूर्ती आजही तिथल्या मंदिरात पूजेत आहे आणि संग्रहालयाने तिची प्लास्टरची प्रतिकृती ठेवली आहे. मूळ वस्तू लोकांपाशी आणि प्रतिकृती फोर्टात, असा हा व्यवहार आहे. तोच उलट दिशेने का करू नये? सोपाऱ्याच्या शिलालेखाची प्रतिकृती नालासोपाऱ्यात उभी राहावी. हिवाळी प्रदर्शनाला जोडून होणाऱ्या व्याख्यानांतले निदान एक मराठीत, रविवारी सकाळी, उपनगरातल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात व्हावे आणि ते संपल्यावर वक्त्याने श्रोत्यांना एकसरला किंवा कान्हेरीला घेऊन जावे. संध्याकाळी सहाचे व्याख्यान फोर्टात ठेवले की गोरेगावपलीकडचा नोकरदार आपोआप गळतो. त्यासाठी कुणी त्याला मनाई करावी लागत नाही.

नऊ कथांना दहावी जोडावी, ती या पट्ट्याची. 'भारत आणि जग' १८ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईत संपले आणि दिल्लीला गेले. त्यानंतरच्या रविवारी मी भाच्याला घेऊन एकसरला गेलो. जहाजे मोजताना आमची संख्या जुळेना. वल्ही तर त्याने तीनदा मोजली. तिथे फलक असता तर त्यावर काय लिहायला हवे होते, याची आम्ही घरी येऊन वहीत पहिली ओळ लिहिली. ती वही आता बरीच भरली आहे.